पाणी आधी मोजा, मग वाटा

धरण एक आणि गावे अनेक, म्हणजे तंटा आलाच! वरच्या गावाची जमीन पाण्याने चिबडते, शेवटच्या गावाची चारी कोरडीच. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर, टोकाच्या ओझर गावी, हेच होत असे. १९९१ साली तेथील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. पुढे साऱ्या लाभक्षेत्रात अशा २४ संस्था झाल्या. रीत साधी आहे. पावसाळा सरला की धरणातला साठा पाहायचा, प्रत्येक संस्थेचा वाटा ठरवायचा आणि पाणी मोजूनच घ्यायचे. साठा कमी भरला, तर तूट सर्वांनी सोसायची. माप आले की संशय जातो. गुरुजी, शंभर घनमीटर म्हणजे एक लाख लिटर, हे गणित मुलांना चारीवर नेऊन शिकवा. उद्या वाटणीला तीच बसणार आहेत.