निलगिरीचं तेल आणि मानमोडी

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. निलगिरीचं तेल पाण्यात टाकलं की कोंबड्यांची मानमोडी थांबते का?

मानमोडी म्हणजे राणीखेत. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. आजार विषाणूचा. या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. निलगिरीसारख्या सुगंधी तेलातले घटक ते आवरण बिघडवतात, म्हणून प्रयोगशाळेत तेल थेट विषाणूला लागलं की त्याचा जोर कमी होतो. एवढं खरं. पण कोंबडीच्या अंगात शिरलेला विषाणू असा उघड्यावर सापडत नाही. गंबोरोच्या विषाणूला तर हे आवरणच नसतं.

तेव्हा तेल श्वासाला थोडा आराम म्हणून ठीक. लसीची जागा त्याला देऊ नका. पिल्लू 5 ते 7 दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. पुढची लस 6 ते 8 आठवड्यांनी, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. लासोटात जिवंत, पण सौम्य विषाणू असतो. ती पाण्यातून देणार असाल तर त्या पाण्यात तेल नको, टीसीएल पावडरही नको. लसच वाया जाईल.

आता खरी अडचण. बाटली बहुधा शंभर पक्ष्यांची, आणि कालवली की दोन तासांत संपवायची. एकीच्या दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून गटानं मिळून एक सकाळ ठरवा. लस बर्फाच्या थर्मासमध्ये आणा आणि खुराडी उघडण्याआधी घरोघर फिरा.