वेचणीची शेतीशाळा वेचणाऱ्या बायांसाठी घ्या



पऱ्हाटीची बोंडे फुटू लागली की आपल्या वर्धा जिल्ह्यात घरोघरी सीतादहीची तयारी होते. त्याच आठवड्यात शेताच्या धुऱ्यावर कापूस वेचणीची शेतीशाळाही उरकून घ्या.

शेतीशाळेची पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांच्या निमित्ताने सुरू झाली. तीत भाषण नसते. पिकात उतरून पाहायचे, मोजायचे आणि आपसात बोलून ठरवायचे. जपानच्या कारखान्यांनीही १९६२ पासून हेच केले. मालात दोष कुठे शिरतो, हे काम करणाऱ्या कामगारांनाच गटागटाने बसवून शोधायला लावले. आपल्याकडे वेचणी करतात बाया आणि प्रशिक्षणाच्या सतरंजीवर बसतात पुरुष! सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा कृषी खात्याला बोलावणे धाडाल, तेव्हा वेचणाऱ्या बायांची नावे आधी कळवा.

शाळेत एक प्रयोग जरूर करा. एक ओटी सकाळी दहिवर असताना वेचा, दुसरी दहिवर उडाल्यावर. दोन्ही तोला, उन्हात वाळवा, पुन्हा तोला. जो फरक दिसेल ते पाणी. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, पुढे दर टक्क्यामागे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. हिंगणघाटच्या बाजारात गाडी लावल्यावर हे कळून काय उपयोग?

यावर एखादी मावशी म्हणेल, "मजुरी किलोवर, ओला कापूस जड भरतो, मग मी दहिवर उडायची वाट का पाहू?" तिचे म्हणणे खोटे नाही. माझ्या मते साऱ्या चर्चेची गाठ इथेच आहे. पाचोळा न येऊ देता वेचायला वेळ लागतो. त्या वेळेचे मोल कोण देणार? रोजाने मजुरी द्या, नाहीतर कोरड्या, स्वच्छ मालाला किलोमागे काही जास्त द्या. आकडा मात्र बायांसमक्ष तिथेच ठरवा.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. खालच्या बोंडांपासून वर वेचत जावे, म्हणजे वरचा पाचोळा खालच्या कापसावर पडत नाही. कवडी वेगळी ठेवावी. खताच्या प्लास्टिक पोत्यात कापूस भरू नये. त्याचा धागा रुईत गेला तर कापडावर रंग धरत नाही. ओटीला जुने सुती लुगडे उत्तम. डोक्याला रुमाल बांधावा, म्हणजे केस पडत नाहीत. हा नियम पुरुषांनाही लागू!