तीन हजार दात, चावा एकही नाही

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जळकोटहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे तीनशे किलोमीटर दूर. इथे शार्क दिसतो तो टीव्हीवर, आणि तोही बहुधा पांढरा शार्क: जबड्यात रांगांनी उभे असलेले सुमारे 300 दात, त्यातले मोठे सहा-सहा सेंटिमीटरचे. पण दातांच्या संख्येत त्याला सहज मागे टाकणारा मासा आपल्या कोकण किनाऱ्यावर येतो. तो म्हणजे व्हेल शार्क, जगातला सर्वांत मोठा मासा. लांबी 18 मीटरपर्यंत नोंदलेली, तोंडाची रुंदी दीड मीटरपर्यंत. तीनशेहून जास्त रांगांत मिळून दात सुमारे 3,000, आणि एकेक दात सहा मिलिमीटरपेक्षाही लहान.

या दातांनी तो काहीच चावत नाही. त्याचं पोट भरतं ते घशातल्या गाळणीवर. तोंड उघडून पोहताना पाणी आत शिरतं, वीस काळ्या जाळीदार पट्ट्यांमधून गाळलं जातं आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडतं. जाळीची छिद्रं जेमतेम सव्वा मिलिमीटरची.

मेक्सिकोच्या किनाऱ्यावर केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला आकडा वाचून मी थांबलोच. सव्वासहा मीटरचा, म्हणजे तसा लहानच व्हेल शार्क तासाला 614 घनमीटर पाणी गाळतो. 614 घनमीटर म्हणजे सहा लाख चौदा हजार लिटर! उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावांत येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर हा मासा मिनिटाला एक टँकर रिकामा करतो. पृष्ठभागावर तो दिवसाला साधारण साडेसात तास चरतो, म्हणजे रोजचे 460 टँकर. एवढं पाणी उपसून हाती काय लागतं? तासाला पावणेतीन किलो प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव; दिवसाचे वीस किलो. इतक्या अवाढव्य देहाचा संसार इतक्या विरळ अन्नावर चालतो, हे मला त्या तीन हजार दातांपेक्षाही थक्क करणारं वाटतं.

गुजरातच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी या निरुपद्रवी माशाची बेसुमार शिकार होत होती. 2001 मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळालं. महाराष्ट्रात जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. कोकणात कुणी ओळखीचं मासेमारी करत असेल, तर त्यांना ही योजना जरूर सांगा.