टाँग टेस्टरवरचे शून्य

तार न तोडता तिच्यातून किती करंट वाहतो हे सांगणारे हातातले उपकरण म्हणजे क्लॅम्प मीटर. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनच्या तोंडी त्याचे नाव टाँग टेस्टर. खटका दाबला की जबडा उघडतो, सोडला की तारेभोवती मिटतो आणि पडद्यावर अँपिअरचा आकडा उमटतो. साध्या मल्टिमीटरने हेच करायचे तर वीज बंद करा, तार सोडवा, मीटर मध्ये जोडा, पुन्हा वीज चालू करा. आणि एवढे करूनही बहुतेक मल्टिमीटर दहा अँपिअरच्या पुढे जात नाहीत.

छत्तीसगडातल्या भिलाईसारख्या ठिकाणी ही सोय चैनीची नाही, रोजच्या गरजेची आहे. नागपूर-गोंदियाकडून हावड्याला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दुर्गच्या लगेच पुढे हे गाव लागते. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याच्या आधाराने नंदिनी रोड आणि हथखोज या औद्योगिक भागांत लहानमोठे उद्योग वाढले. मोटर, क्रेन, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीन यांवरच त्यांचे काम चालते, आणि मोटर तापते किंवा स्टार्टर ट्रिप होतो अशी तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, लोड किती घेते? दहा हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण १४ अँपिअर घेते. तिन्ही फेजवर जबडा लावून १४, १४ आणि १३ दिसले तर दोष दुसरीकडे शोधावा. चालू मोटरच्या दोन फेजवर करंट चढलेला आणि तिसऱ्यावर शून्य असेल तर ते सिंगल फेजिंग. अशी मोटर लगेच थांबवली नाही तर वाइंडिंग जळते.

मीटरला हे कळते ते तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून. एसी करंट दर सेकंदाला पन्नास आवर्तने घेतो, त्याबरोबर क्षेत्रही बदलते. जबड्याच्या आत लोखंडी गाभा आणि त्यावर बारीक तारेची गुंडाळी असते. बदलत्या क्षेत्राने तिच्यात तेवढ्याच प्रमाणात, पण कितीतरी लहान करंट उपजतो. म्हणजे हा एक छोटा ट्रान्सफॉर्मरच, आणि ज्या तारेचे मोजमाप चालले आहे ती तार हीच त्याची प्रायमरी. डीसी करंटचे क्षेत्र बदलत नाही, म्हणून गुंडाळी तिथे निरुपयोगी. डीसी मोजणाऱ्या मीटरच्या जबड्यात एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारा सेन्सर बसवलेला असतो. असे मीटर महाग पडतात, आणि बाजारातले बरेचसे स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात.

या रचनेतूनच मीटरवरच्या शून्याचे कोडे तयार होते. कूलरच्या किंवा एक्स्टेन्शन बोर्डाच्या अख्ख्या वायरीभोवती जबडा लावला की कूलर जोरात चालत असूनही आकडा शून्य येतो. फेजमधून जितका करंट जातो तितकाच न्यूट्रलमधून परत येतो. दोघांची क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतात. थ्री-फेज केबल सगळीच्या सगळी जबड्यात घेतली तरी तेच. म्हणून पॅनेलमध्ये जिथे तारा सुट्या होतात तिथे एकच तार धरायची, किंवा प्लग आणि सॉकेटच्या मध्ये फेज वेगळी काढून देणारा लाइन स्प्लिटर लावायचा. चालू केबलचे आवरण कापून तार सुटी करणे हा उपाय नव्हे, तो अपघात आहे. वेल्डिंग रेक्टिफायरच्या डीसी केबलवर फक्त एसीचा मीटर लावला तर शेकडो अँपिअर वाहत असतानाही खरा आकडा दिसत नाही. जबड्याच्या तोंडात धूळ किंवा लोखंडाचा कीस अडकून तो पुरता मिटला नाही, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. पोलादाच्या गावात कीस सगळीकडेच असतो.

ही सगळी शून्ये दिशाभूल करतात, पण जिवावर बेतते ते एक वेगळेच शून्य, आणि ते अगदी खरे असते. मोटर थांबलेली आहे, करंट वाहत नाही, मीटर प्रामाणिकपणे शून्य दाखवतो. तरीही टर्मिनलवर ४१५ व्होल्ट हजर असू शकतात. करंट वाहायला मंडल पूर्ण व्हावे लागते. व्होल्टेजला तशी अट नाही. सिंगल फेजिंगमध्ये जिथे तार तुटली असेल तिच्या अलीकडचे टोक जिवंतच राहते, आणि त्या तारेवर क्लॅम्प मीटर शून्यच सांगतो. हात लावणारा माणूसच तिथे मंडल पूर्ण करतो. जबड्याने घेतलेल्या मापावरून वीज बंद असल्याचा निष्कर्ष कधीही काढता येत नाही, आणि या उपकरणाच्या वापरातली सर्वांत धोकादायक गैरसमजूत नेमकी इथेच आहे.

वीज गेल्याची खात्री व्होल्टेज मोजूनच करायची. आधी आयसोलेटर उघडायचा, त्याला कुलूप घालायचे, पाटी लावायची आणि कारखाना असेल तर शटडाउनचे परमिट घ्यायचे. मग मीटर आधी चालू असलेल्या ओळखीच्या पॉइंटवर तपासायचा, नंतर ज्या ठिकाणी काम करायचे तिथे फेज-फेज, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असे सगळे मोजायचे, आणि शेवटी पुन्हा त्याच ओळखीच्या पॉइंटवर यायचे. ही तिसरी पायरी घाईत गाळली जाते. मधल्या मापाच्या वेळी लीड तुटली असेल किंवा बॅटरी संपली असेल तर ते फक्त याच पायरीवर उघड होते. अनेक मीटरांमध्ये स्पर्श न करता व्होल्टेज ओळखून बीप देणारी सोय असते. ती उपयोगी आहे, पण पुरावा म्हणून नव्हे: आर्मर्ड केबलमधली जिवंत तार तिला जाणवत नाही आणि शेजारच्या तारेमुळे मेलेल्या तारेवरही ती वाजते.

क्लॅम्प मीटरच्या खालच्या टोकाला लाल-काळ्या लीड असतात आणि तिथे तो पुन्हा साधा मल्टिमीटर होतो. जबडा इन्सुलेटेड तारेभोवती असतो, प्रोबचे टोक मात्र उघड्या धातूला टेकते. धोका तिथे वाढतो. मीटरवर आणि लीडवर कॅट २, कॅट ३ किंवा कॅट ४ आणि त्यापुढे व्होल्टेज छापलेले असते. आयईसी ६१०१० या मानकातली ही वर्गवारी आहे. भिंतीच्या सॉकेटवर चालणारी उपकरणे कॅट २ मध्ये, वितरण पॅनेल आणि पक्क्या जोडणीच्या मोटरी कॅट ३ मध्ये, आणि बाहेरून येणारी सर्व्हिस लाइन व मीटरपेटी कॅट ४ मध्ये येते. विजेच्या लाइनवर स्विचिंगमुळे किंवा वीज कोसळल्यामुळे क्षणभर हजारो व्होल्टची लाट येते, आणि स्रोताच्या जितके जवळ जावे तितका त्या लाटेमागे करंटचा जोर जास्त. हजार व्होल्टचा कॅट २ मीटर आणि ६०० व्होल्टचा कॅट ३ मीटर दोन्ही सहा हजार व्होल्टच्या लाटेला तपासलेले असतात. पण पहिल्याची चाचणी १२ ओहमच्या स्रोतावर होते आणि दुसऱ्याची २ ओहमच्या, म्हणजे दुसऱ्यामागे सहापट करंट असतो. हजार हा आकडा मोठा दिसतो म्हणून पहिला मीटर पॅनेलवर वापरणे चूकच. मीटर कॅट ३ चा आणि लीड रस्त्यावरच्या दुकानातली विनाछापाची असेल, तर सगळी व्यवस्था त्या लीडइतकीच सुरक्षित राहते. रोटरी स्विच ओहमवर किंवा कंटिन्यूइटीवर असताना प्रोब जिवंत टर्मिनलवर टेकवणे ही नेहमीची चूक. म्हणून आधी स्विच, मग लीड, शेवटी स्पर्श असाच क्रम राखतात.

जबड्याच्या मुळाशी उंचवटा किंवा रिंगण असते. बोटे त्याच्या मागेच राहिली पाहिजेत. उघड्या बसबारवर मीटर लावायचा असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते, कारण काही क्लॅम्प फक्त इन्सुलेटेड तारेसाठीच बनवलेले असतात आणि काहींना उघड्या तारेवर लावणे-काढणे वीज बंद असतानाच करता येते. हे मीटरच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती डब्यातून बाहेर काढणारे लोक थोडेच. मोठ्या बसबारवर कडक जबडा मावतच नाही. तिथे रोगोव्स्की कॉइल, म्हणजे दोरीसारखी वाकणारी लूप वापरतात, तीही वीज बंद करून घालायची, पॅनेल बंद करायचे आणि मग मोजायचे.

हातातल्या क्लॅम्प मीटरची मर्यादा साधारण ६०० ते १००० व्होल्टची. कारखान्यांतल्या मोठ्या मोटरी ६.६ किंवा ११ किलोव्होल्टवर चालतात, भिलाईच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये येणारी इंजिने २५ किलोव्होल्टच्या तारेखाली धावतात. तिथे हा जबडा नेणे म्हणजे आत्महत्याच. हाय टेन्शन मोटरचा करंट तरीही याच मीटरने बघता येतो, तो वळसा घालून. पॅनेलमध्ये करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी बसवलेला असतो आणि त्याच्या सेकंडरीतून पाच किंवा एक अँपिअरच्या प्रमाणात करंट रिलेकडे जातो. २००/५ च्या सीटीच्या सेकंडरी तारेवर ३.५ अँपिअर दिसले, तर मोटर ३.५ गुणिले ४०, म्हणजे १४० अँपिअर घेते आहे. क्लॅम्प मीटरचे खरे मोल इथे समजते. चालू सीटीची सेकंडरी तार कुठे सुटली तर तिच्या टोकांवर हजारो व्होल्ट उभे राहू शकतात, आणि जबड्याला ती तार सोडवावी लागत नाही. मात्र जबडा घुसवायला जागा करताना तारेला हिसका देऊन टर्मिनलमधून ती निसटू न देणे हे बघणाऱ्याचे काम.

मे महिन्यात छत्तीसगडात पारा ४५ अंशांकडे जातो. घामाने भिजलेल्या कातडीचा विद्युत रोध कोरड्या कातडीच्या मानाने खूपच कमी असतो, आणि त्याच दिवसांत हातमोजे नकोसे होतात. ओले हात, घड्याळ, अंगठी, कडे, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही असेल तर चालू पॅनेलपुढे उभे राहू नये. पायाखाली आयएस १५६५२ मानकाची इन्सुलेटिंग मॅट, चेहऱ्यावर शील्ड, बाजूला दुसरा माणूस, आणि शक्य तिथे एकाच हाताने काम. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसारही जिवंत लाइनवर काम नेमून दिलेल्या, प्रशिक्षित माणसानेच करायचे असते. चालू मोटरवर जबडा लावणे हेही जिवंत कामच.

उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट कूलरची. पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर अंगणात किंवा खिडकीबाहेर असतो आणि त्याच्या पंपाच्या खराब इन्सुलेशनमुळे शॉक लागून लोक मरतात, विदर्भातही आणि छत्तीसगडातही. इथे फेज आणि न्यूट्रल मुद्दाम एकत्र जबड्यात घ्यायचे, कारण आता हवा आहे तो त्यांच्यातला फरक. आकडा शून्य नसेल तर तेवढा करंट भलत्या वाटेने, अर्थिंगमधून किंवा कोणाच्या अंगातून जातो आहे. पण साध्या टाँग टेस्टरचा सर्वांत लहान आकडा ०.१ किंवा ०.०१ अँपिअर असतो, आणि अशी गळती होताच वीज तोडणारा घरातला आरसीसीबी ज्या ३० मिलिअँपिअरला ट्रिप होतो तो म्हणजे ०.०३ अँपिअर. पहिल्या प्रकारच्या मीटरवर तो शून्यच दिसतो. दुसऱ्यावर दिसला तरी त्याच्या चुकीच्या मर्यादेत बुडून जातो. या कामाला मिलिअँपिअर मोजणारा वेगळा लीकेज क्लॅम्प लागतो. तो घरात कोणाकडे नसतो, आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग मात्र बसवून घेता येते.

आकडे बरोबर यायला आणखी थोडी पथ्ये आहेत. मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे करंटची लहर वेडीवाकडी असली तरी खरा आकडा देणारा असावा. मोटरचा वेग बदलणारी व्हीएफडी, एलईडी आणि कॉम्प्युटर यांचा भार असलेल्या लाइनवर साधा मीटर खूप कमी आकडा दाखवू शकतो, आणि थ्री-फेज इमारतीत अशा भाराने न्यूट्रलही फेजइतका किंवा त्याहून जास्त तापतो. तार जबड्याच्या मधोमध ठेवावी. शेजारच्या जाड बसबारचे क्षेत्र आत शिरते, म्हणून शक्य तेवढे अंतर राखावे. सुरू होताना मोटर चालू भाराच्या पाचसहापट करंट घेते. तो क्षण पकडायला इनरश बटण असते. लहान करंट मोजायचा तर तार जबड्यातून दहा वेळा गुंडाळावी आणि आकड्याला दहाने भागावे. डीसी मोजण्याआधी जबडा रिकामा मिटून शून्य जुळवून घ्यावे लागते.

मीटर निवडताना नाव, कॅट वर्ग, जबड्याचा व्यास आणि लीडचा वर्ग हे चारही बघावेत. नाशिकच्या मोटवाने आणि ऋषभ या कंपन्या असे मीटर बनवतात. मीटर वर्षातून एकदा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅलिब्रेट करून घेण्याची पद्धत आहे. जबड्याची दोन्ही तोंडे कोरड्या कापडाने पुसावीत, तडा गेलेला मीटर चालत असला तरी टाकून द्यावा, आणि दीर्घ काळ पडून राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवावी, कारण गळलेल्या बॅटरीने आतली पट्टी खराब होते.