मोकळ्या तारा (भाग ६) : तिसरा आला आणि अंधार झाला

मागच्या आठवड्यात आपण ॲस्टरिस्कपाशी थांबलो होतो. आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणं परवडेना, म्हणून मार्क स्पेन्सर या अमेरिकी तरुणाने १९९९ मध्ये ते कॉम्प्युटरवर स्वतःच लिहून काढलं आणि सोर्स कोड जगासाठी खुला केला. तिथे मामला आवाजाचा होता. आज चित्राकडे वळू.

सुरुवात माझ्याच फजितीने. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा ऑनलाइन घ्यायची ठरली. ‘फुकट सॉफ्टवेअर आहे, मी बसवतो,’ असं मोठ्या तोंडाने सांगून मी भाड्याचा सर्व्हर घेतला आणि त्यावर जित्सी मीट हे व्हिडिओ सभांचं सॉफ्टवेअर चढवलं. आदल्या रात्री अध्यक्षांबरोबर चाचणी झाली. आवाज खणखणीत, चित्र स्वच्छ. सभेच्या दिवशी आम्ही दोघं बोलत असतानाच कोषाध्यक्ष आले, आणि कुणालाच कुणी दिसेना, ऐकू येईना. ते बाहेर पडले की आम्ही दोघं पुन्हा उजेडात. असं तीनदा झालं. शेवटी त्यांचा फोन आला, ‘अहो, माझ्याच येण्याने हे होतंय का?’

खरंच त्यांच्याच येण्याने होत होतं.

दोघांचाच कॉल असेल तर जित्सी मीट शक्यतो मधल्या सर्व्हरला वगळून दोन्ही ब्राउझर थेट जोडून देतं. माणसं वाढली की हे परवडत नाही. प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट तार जोडायची, तर ८ जणांच्या सभेला २८ तारा लागतील आणि प्रत्येकाला आपलं चित्र ७ वेळा पाठवावं लागेल. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसलेल्याचा त्यात जीव जाईल.

मग मधे झेरॉक्सचं दुकान टाकायचं. तुम्ही आपला कागद एकदाच काउंटरवर द्यायचा, प्रती काढून बाकीच्यांना वाटणं दुकानदाराचं काम. जुनी यंत्रं याहून जास्त कष्ट घेत: सगळ्यांचे कागद कापून, एका मोठ्या तक्त्यावर चिकटवून तो तक्ता सगळ्यांना पाठवत. त्यासाठी प्रत्येक चित्र उलगडून पुन्हा गुंडाळावं लागे, म्हणून यंत्र दांडगं आणि महाग. २०१३ साली आलेल्या जित्सी व्हिडिओब्रिजने, म्हणजे जित्सीच्या या मधल्या दुकानाने, चिकटवण्याचा उद्योगच सोडून दिला. आलेलं चित्र पुढे ढकलायचं, बस्स. (‘एकच कागद’ हे मी जरा सोपं करून सांगितलं. तुमचा ब्राउझर तेच चित्र लहान-मोठ्या दोन-तीन आकारांत पाठवतो आणि ज्याच्या पडद्यावर तुम्ही टपाल तिकिटाएवढे दिसता, त्याला ब्रिज लहान आकार देतो.)

माझं दुकान चालू होतं, पण दार बंद होतं. चित्र आणि आवाज ब्रिजकडे यूडीपी पद्धतीने, १०००० क्रमांकाच्या पोर्टवरून जातात. पोच न मागता पाकिटं टाकत राहायचं, अशी ही पद्धत. उशिरा पोचलेला शब्द तसाही काय कामाचा? सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये मी वेब पानाचं दार उघडलं होतं, हे दुसरं दार मात्र उघडायला विसरलो होतो. दोघांना ब्रिज लागतच नव्हता, म्हणून चाचणी पास झाली होती. एका ओळीची दुरुस्ती, आणि कोषाध्यक्ष दिसू लागले.

जित्सी प्रकल्पाचं मूळ २००३ मधलं. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात शिकणाऱ्या एमिल इव्होव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने तो सुरू केला. जित्सी म्हणजे बल्गेरियन भाषेत तारा. पुढे २०१५ मध्ये हा प्रकल्प ॲटलासियन या कंपनीकडे गेला, २०१८ मध्ये एट बाय एट (8x8) कडे. मालक बदलले, तरी कोड अपाची परवान्याखाली खुलाच राहिला. पण कोड आणि दुकान या दोन गोष्टी आहेत. जित्सीच्या सार्वजनिक सर्व्हरवर पूर्वी कुणीही नावगाव न सांगता सभा उघडू शकत असे. २०२३ पासून सभा सुरू करणाऱ्याला लॉगिन करावं लागतं. ज्यांनी स्वतःचं दुकान थाटलं होतं, त्यांना या बदलाचा पत्ताही लागला नाही.

झेरॉक्सवाल्याने मनात आणलं तर तो कागद वाचू शकतो, हेही लक्षात ठेवा. वाटेत चित्र कुलूपबंद असतं, पण नेहमीच्या मांडणीत ब्रिजवर ते कुलूप उघडतं. टोकापासून टोकापर्यंत कुलूप ठेवण्याची सोय २०२० पासून आली आहे. ती आपण होऊन सुरू करावी लागते. माझ्या मते ‘मुक्त’ या शब्दावर भाळण्याआधी सर्व्हर कुणाचा, हे विचारावं. आमच्या वाचनालयाच्या बाबतीत उत्तर होतं: माझा, आणि त्याचं भाडं कोषाध्यक्षांनी दोन महिने अडवून धरलं होतं.

पुढच्या भागात ओपस, म्हणजे आवाज दाबून लहान करण्याची कला. तोवर कुणी स्वतःचं जित्सी बसवणार असेल, तर चाचणीला दोघं नको, तिघं बसा.