पेढीची पाटी

दरवर्षी या स्मरणिकेत आम्ही तेजीमंदीवर लिहितो. यंदा पाटीवर लिहीत आहोत, कारण तिच्यापायी गावात आमचे हसे झाले.

देवासची पेढी वडिलांची. धारची आमच्या धाकट्या बंधूंनी काढलेली. ते निवर्तल्यावर दुकान नवे केले. दोन फूट उंचीच्या पाटीवर आम्हांस सारेच हवे होते: घराण्याचे नाव, बंधूंचे नाव, आमचे नाव, ‘भुसार मालाचे घाऊक व्यापारी व अडत्ये’, शिवाय दोन्ही गावे. फ्लेक्सवाल्या मुलाने सांगितले, “शेठजी, जाड आणि अरुंद अक्षर टाकतो, सगळे बसेल.” बसले खरे! पण सकाळी पाहतो तो ‘धार’चे ‘घार’ झालेले, आणि ‘भुसार’चे ‘मुसार’. मराठी घरांतील मुले आम्हांस ‘घारवाले शेठ’ म्हणू लागली.

मग आम्ही चौकशी केली. ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, ‘घ’ आणि ‘म’ यांची अखंड. एवढ्याशा फटीवर आमच्या गावाचे नाव उभे आहे! मुलाने साधे अक्षर संगणकावर दोहों बाजूंनी चेपले. तेणेकरून काने बारीक झाले, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहिली. ते झाकण्यासाठी त्याने सभोवार काळी कड चढविली, आणि फट बुजली.

रोमन अक्षरास ही अडचण नाही. त्यास शिरोरेषा नाही, वर वेलांटी-रफार नाही, खाली उकार नाही. म्हणून १९६५ साली जॉफ्री ली यांनी काढलेला ‘इम्पॅक्ट’ हा टाइप इतका जाड व दाटीचा असूनही वाचता येतो. आपल्याकडे ते काम अक्षर मुळापासून आखूनच करावे लागते. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ‘टेको’ व ‘खंड’ हे मथळ्यांचे अरुंद टाइप काढले, ते असे आखून. नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे (१९३५–२०२०) तर प्रत्येक नाटकाच्या नावासाठी अक्षरे हातानेच रेखीत. असो.

शेवटी देवासची पाटी ज्यांनी रंगविली होती त्या वृद्ध पेंटरांस गाठले. हात कापतो, पण आले. सुतळीने लांबी मोजली आणि म्हणाले, “शेठजी, अक्षर चेपू नका, शब्द काढा.”

कोणता काढावा? घरात दोन दिवस बोलणे झाले. कोणी सुचविले, जे गेले त्यांचे नाव आता कशास? भावजय तेथेच होत्या. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही आमचे नाव काढविले, देवासही काढविले. ‘घाऊक व्यापारी व अडत्ये’ हे तर मंडीत सर्वांस ठाऊकच आहे.

आता पाटीवर घराण्याचे नाव, बंधूंचे नाव, ‘भुसार माल’ आणि ‘धार’ एवढेच आहे. ‘ध’च्या डोक्यावर पेंटरांनी चांगली दोन बोटे जागा सोडली आहे. दिवाळीच्या वहीपूजनास भावजय आल्या, थोडा वेळ रस्त्यावरच उभ्या राहिल्या, मग आत आल्या.