तीस डावांत माणूस ओळखता येतो का? पोकरचे आकडे आणि वर्गीकरणाचा धडा

पीएचडीच्या पहिल्या वर्षात बहुतेकांच्या आराखड्यात एक वाक्य हमखास असतं: ‘प्रतिसादकांचे तीन गटांत वर्गीकरण केले जाईल.’ वाचायला छान वाटतं. पण गट कुठल्या आकड्यावरून पाडणार, प्रत्येक माणसाच्या किती नोंदी हातात आहेत आणि गटाची सीमा कोणी ठरवली, हे मार्गदर्शकांनी विचारलं की आपली बोबडी वळते. या तीन प्रश्नांची उत्तरं समजून घ्यायला मला सापडलेलं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे ऑनलाइन पोकर. दचकू नका. पत्ते खेळायला शिकवत नाहीये, आकडे वाचायला शिकवतोय.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. तेव्हा खालचं सगळं अभ्यासापुरतं आहे.

आकडे कुठले?

तीन पत्ती तुम्ही दिवाळीत पाहिली असेल. बूट सगळ्यांनाच टाकावा लागतो. त्यानंतर कोणी पॅक करतो, कोणी चाल खेळतो. पोकरमध्येही तसंच. सक्तीचे पैसे सोडून स्वतःच्या मर्जीने पैसे टाकून खेळाडू शंभरातले किती डाव खेळला, या टक्केवारीला व्हीपीआयपी म्हणतात. टेबलावरचे सामाईक पत्ते उघडायच्या आधी त्याने किती टक्के डावांत रक्कम वाढवली, ते पीएफआर. तिसरा आकडा ‘अॅग्रेशन फॅक्टर’: पैसे लावण्याच्या आणि वाढवण्याच्या एकूण वेळा, भागिले नुसती बरोबरी करण्याच्या वेळा.

पोकरट्रॅकर, होल्डम मॅनेजर अशी सॉफ्टवेअर प्रत्येक डावाची नोंद वाचून हे आकडे काढतात आणि समोरच्याच्या नावाशेजारी दाखवतात. त्यावरून शिक्के ठरतात. कमी डाव खेळणारा पण खेळला की आक्रमक, तो ‘टॅग’. पुष्कळ डाव खेळणारा आणि आक्रमक, तो ‘लॅग’. सगळ्या डावांत शिरून नुसती बरोबरी करत राहणारा ‘कॉलिंग स्टेशन’. आणि ज्याच्याकडून पैसे काढायचे तो ‘फिश’, म्हणजे मासा. शिक्क्याचा हेतू या शेवटच्या शब्दात उघडा पडतो. हे मनात ठेवा, पुढे लागेल.

पहिला प्रश्न: भाजक किती?

समजा, एक खेळाडू तीस डावांपैकी बारा डाव खेळला. व्हीपीआयपी 40. पडद्यावर ‘40’ ठळक दिसतं आणि आपण म्हणतो, हा सैल खेळतोय. पण 12/30 ची स्टँडर्ड एरर निघते सुमारे 9 टक्के. दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट अंतर घेतलं की खरा आकडा ढोबळमानाने 22 ते 58 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. सहा जणांच्या टेबलावर 22 म्हणजे सावध खेळाडू, 58 म्हणजे उधळ्या. म्हणजे त्या ठळक 40 ने आपल्याला जवळपास काहीच सांगितलेलं नाही. हेच प्रमाण हजार डावांत टिकलं तर पट्टा 37 ते 43 इतका अरुंद होतो. तेव्हा बोलायला जागा आहे.

मग हजार डाव झाले की सगळे आकडे पक्के? इथेच बरेच जण फसतात. ‘याने रक्कम वाढवली आणि कोणी आणखी वाढवली, तर हा किती वेळा पॅक करतो?’ हा आकडा घ्या. अशी वेळ रोज येत नाही. हजार डावांत ती तीसदाच आली आणि त्याने अठरा वेळा पॅक केलं, तर 60 टक्के. पट्टा मात्र 42 ते 78. डाव हजार असले तरी या प्रश्नापुरता नमुना तीसचाच आहे. एकूण नोंदी मोजू नका, संधी मोजा. तुमच्या प्रश्नावलीलाही हेच लागू. चारशे प्रतिसादक असतील, पण ‘कर्ज घेतलं असल्यास’ हा उपप्रश्न पंचवीस जणांनाच लागू होत असेल, तर तिथे तुमचा नमुना पंचवीसचा.

अॅग्रेशन फॅक्टर त्याहून नाजूक. चार वेळा पैसे लावले-वाढवले आणि एकदा बरोबरी केली, तर 4. बरोबरी आणखी एकदाच केली की आकडा थेट 2. एकही बरोबरी नसेल तर भाजक शून्य! लहान भाजकाचं गुणोत्तर असंच उड्या मारतं.

दुसरा प्रश्न: आकडे कुठून आले?

दिवाळीत आमच्या जूचंद्रला रांगोळीचं प्रदर्शन बघायला लांबून लोक येतात. जमिनीवरचं हुबेहूब व्यक्तिचित्र पाहून म्हणतात, इथला प्रत्येक जण कलाकार आहे. जमलेली रांगोळी तुम्हाला दिसते. बिघडलेली रांगोळी कोणीतरी आदल्या रात्रीच केरसुणीने झाडून टाकलेली असते.

पोकरमध्ये समोरच्याचे पत्ते सहसा डाव शेवटपर्यंत गेला तरच उघड होतात. मध्येच सगळ्यांनी पॅक केलं तर जिंकणाऱ्याकडे काय होतं हे गुपितच राहतं. म्हणजे ‘हा थापा मारत नाही’ हा निष्कर्ष त्याच्या पकडल्या गेलेल्या थापांवरून काढलेला असतो. पचलेल्या थापा माहितीतच नाहीत. ही गळती यादृच्छिक नसते, खेळाडूच्या वागण्यातूनच ती होते. म्हणून डाव वाढवून ती भरून निघत नाही.

दुसरी मेख संदर्भाची. सहा जणांच्या टेबलावर आणि तिघांच्या टेबलावर एकच माणूस वेगळा खेळतो. शेवटी बोलायची पाळी असेल तर जास्त डाव खेळतो, पहिली पाळी असेल तर कमी. हे सगळं एका सरासरीत ओतलं तर येणारा आकडा माणसाचा किती आणि जागेचा किती, हे सांगता येत नाही.

तिसरा प्रश्न: सीमा कोणी आखली?

समजा, नियम केला की 25 च्या वर सैल, खाली सावध. तीनशे डावांवर एकाचा व्हीपीआयपी 24, दुसऱ्याचा 26. तिथे चूक पाच टक्के इकडे-तिकडे असू शकते, म्हणजे या दोघांना वेगळ्या गटांत टाकणं हे नाणेफेकीपेक्षा फारसं बरं नाही. उलट 26 आणि 55 वाले एकाच गटात गेले! गट पाडताना हातातली माहिती आपणच फेकून देतो. शक्य असेल तिथे आकडा आकडाच राहू द्या.

गट पाडायचेच असतील तर आणखी एक गोष्ट. रक्कम वाढवलेला प्रत्येक डाव हा मर्जीने खेळलेला डाव असतोच, त्यामुळे पीएफआर कधीच व्हीपीआयपीच्या वर जात नाही. दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. अशा वेळी साधं सरळ अंतर मोजून गट पाडले तर फसगत होते. चलांमधला हा संबंध हिशोबात घेणारं माप प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1936 च्या निबंधात मांडलं. महालनोबिस अंतर पाठ करून पेट दिलेल्यांनी ते इथे एकदा वापरून बघावं.

मग करायचं काय?

वसई-दिवा मार्गावरची गाडी नव्या प्रवाशाला तीन दिवस वेळेवर मिळाली, तर तो म्हणेल गाडी शंभर टक्के वेळेवर. रोजचा प्रवासी हसेल. त्याच्या गाठीला आधीचा अनुभव आहे. तीन दिवसांनी त्याचं मत थोडंसं हलेल, उलटं होणार नाही. बेझच्या पद्धतीचं मर्म हेच.

समजा, इतर खेळाडूंची सरासरी 25 टक्के आहे आणि त्या पूर्वानुभवाला आपण साठ डावांचं वजन दिलं. साठ डावांत 15 खेळलेले, त्यात आपले तीसपैकी 12 मिळवले: 27/90, म्हणजे 30 टक्के. 40 चा आकडा सरासरीकडे ओढला गेला. हजारात 400 असतील तर 415/1060, म्हणजे सुमारे 39. पुरावा वाढला की पूर्वानुभव आपोआप बाजूला होतो. साठच का, हा प्रश्न मात्र व्हायवात येणारच. ते वजन हवेतून घेऊ नका. खेळाडू-खेळाडूंत मुळात किती फरक आहे, यावरून ते काढा.

आणि वर्गीकरण खरंच हवं आहे का, हेही विचारा. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना समोरासमोरच्या पोकरमध्ये 1,20,000 डावांत हरवलं. समोरचा टॅग की लॅग यावर त्याची मदार नव्हती. कोणीही समोर आला तरी आपलं नुकसान होऊ नये, अशी समतोल चाल तो शोधत होता. रात्री तो दुरुस्ती करायचा ती स्वतःच्याच उणिवांची.

शिक्का कोणावर?

‘मासा’ आठवतोय? ज्याच्यावर तो शिक्का बसतो त्याला आपली नोंद होतेय याचा पत्ताही नसतो. 2019 मध्ये पार्टीपोकरने असे आकडे दाखवणारी सॉफ्टवेअर आपल्या साइटवर बंद केली. नवख्यांना समान संधी मिळावी हा त्यामागचा विचार होता.

आपल्या संशोधनात मासा नसतो, पण ‘अप्रगत विद्यार्थी’, ‘जोखमीचा कर्जदार’, ‘उदासीन पालक’ असतात. पोकरमधला चुकीचा शिक्का मारणाऱ्याच्याच खिशाला चाट लावतो, म्हणून तो लवकर सुधारतो. प्रबंधातल्या चुकीच्या शिक्क्याची किंमत मारणारा देत नाही, ज्याच्यावर मारला तो देतो. म्हणून आपण जास्त काळजी घ्यायची.

आज एवढंच करा. आराखड्यातली प्रत्येक टक्केवारी काढा आणि तिच्याशेजारी तीन गोष्टी लिहा: भाजक, पट्टा, आणि कोण मोजलं गेलं नाही. ज्या टक्केवारीपुढे तिन्ही रकाने भरता येत नाहीत, तिच्यावरून माणसांचे गट पाडू नका.